रूबार्बच्या जागी अंबाडी

इंग्लंड-अमेरिकेत हिवाळा सरता सरता घरोघरी एक आंबटगोड पदार्थ भाजला जातो. खाली लोण्यात मळलेल्या मैद्याचा खुसखुशीत थर, त्यावर रूबार्बच्या गुलाबी देठांचा गर आणि सगळ्यात वर लिंबू, अंडी नि साखर यांचा मऊ पिवळा थर. गार झाला की चौकोनी वड्या पाडायच्या. नुसत्या लिंबाच्या असतील तर लेमन बार, देठ घातले तर रूबार्ब-लेमन बार. हैदराबादेत हा पदार्थ करायला घेतला की सामानाच्या यादीतच अडायला होतं. मैदा, लोणी, अंडी, साखर, लिंबं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. रूबार्बचे देठ मात्र सिकंदराबादच्या मोंडा मार्केटात विचारा की जुन्या शहरातल्या मीर आलम मंडीत, भाजीवाला नुसता बघत राहतो.

गंमत अशी, की हे झाड शहराला अगदीच अनोळखी नाही. चारमिनारच्या परिसरात युनानी औषधांच्या दुकानात रेवंदचिनी मागितली की पिवळसर तपकिरी, लाकडासारखे वाळलेले तुकडे पुडीत बांधून मिळतात. ते रूबार्बच्या भाऊबंदांचं मूळ. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात त्यालाच रेवाचिनी म्हणतात. म्हणजे हैदराबादेत ही वनस्पती औषधाच्या पुडीतून आली आणि लंडनमध्ये भट्टीत गेली. असं का झालं हे समजलं, की रूबार्बवाचून बार कसे जमवायचे हेही बरंचसं उलगडतं.

जे सुकतं ते पोचतं

रूबार्ब थंड मुलखातलं. सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन, तिबेट आणि हिमालय या पट्ट्यात त्याच्या निरनिराळ्या जाती उगवतात. काश्मिरात त्यातल्या एकीला पंबचालन म्हणतात. चिनी वैद्यकात रूबार्बचं मूळ सुमारे दोन हजार वर्षांपासून वापरात आहे. तिथून ते इराणी-अरबी हकिमांकडे आणि त्यांच्यामार्फत युनानी चिकित्सेत आलं. मुळात इमोडिन, ऱ्हीन यांसारखी अँथ्राक्विनोन वर्गातली द्रव्यं असतात. ती मोठ्या आतड्याला चालना देतात, म्हणून रेवंदचिनी पोट साफ करणारं औषध ठरली. निजामांच्या काळात हैदराबादेत युनानीला राजाश्रय होता. चारमिनारजवळचं सरकारी निजामिया रुग्णालय आजही युनानी दवाखाना म्हणूनच ओळखलं जातं. अशा शहरात रेवंदचिनी न येती तरच नवल.

युरोपातही रूबार्बची ख्याती आधी मुळाचीच. १८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन झेशू यांनी व्हिक्टोरिया राणीला उद्देशून अफूच्या व्यापाराविरुद्ध पत्र लिहिलं. त्यात चहा आणि रेवंदचिनी मिळाली नाही तर परदेशी लोकांचं एक दिवसही चालणार नाही, असा चिमटा आहे. देठ खायची चाल नंतरची. देठ इतके आंबट, की साखर महाग होती तोवर त्यांच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये साखर सामान्यांच्या आवाक्यात आली तेव्हा देठ शिजवून त्यांचे पाय, जॅम, बार होऊ लागले. यॉर्कशरमध्ये वेकफिल्डच्या आसपास तर ते अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये वाढवून मेणबत्तीच्या उजेडात खुडतात. उजेड लागला नाही म्हणजे देठ कोवळे आणि गुलाबी राहतात. या रूबार्बला २०१० मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ही भाजी असली तरी अमेरिकेत १९४७ मध्ये बफेलोच्या सीमाशुल्क न्यायालयानं करापुरतं तिला फळ ठरवलं, कारण लोक ती फळासारखी वापरतात.

मग देठ हैदराबादपर्यंत का आले नाहीत? देठात सुमारे ९४ टक्के पाणी. सुकवले तर हाती चिंध्या उरतात. मूळ मात्र सुकवून वर्षभर टिकतं आणि महिनोन् महिने प्रवास करतं. याच कारणानं जर्दाळू दख्खनेत पोचला. तोही इथं पिकत नाही, पण वाळवून आणता येतो, आणि भिजवला की पुन्हा फुलतो. हैदराबादी लग्नाच्या जेवणातला खुबानी का मीठा असा वाळल्या फळातून उभा राहिला. दोन्ही वस्तू उत्तरेकडून सुकून आल्या, एक मिठाईत शिरली आणि दुसरी हकिमाच्या बटव्यात.

इथं रूबार्ब लावायचं म्हटलं तरी जमणं कठीण. त्याच्या कंदाला हिवाळ्यात कित्येक आठवडे साधारण ५ अंशांखालची थंडी लागते, तेव्हा कुठे वसंतात नवे देठ फुटतात. हैदराबादचा डिसेंबर रात्री सरासरी १४-१५ अंशांपर्यंतच उतरतो आणि मे महिन्यात पारा ४० च्या घरात असतो.

देठ नेमकं काय काम करतात?

पर्याय शोधताना आपण सहसा चव बघतो. आंबट हवं ना, मग घाला आणखी एक लिंबू, असं वाटतं. पण बारमध्ये रूबार्ब चार वेगळी कामं करतं. एक, आंबटपणा: तो मुख्यतः मॅलिक आम्लाचा, सोबत थोडं ऑक्झॅलिक. लिंबाचं सायट्रिक आम्ल जिभेला झटकन झोंबतं आणि ओसरतं, मॅलिकचा आंबटपणा रेंगाळतो. म्हणून दोन्ही एकत्र आल्यावर चव भरीव लागते. दोन, पाणी: ते भाजताना सुटतं आणि हिशेब चुकला तर खालचा थर लगदा होतो. तीन, रंग. चार, अंग: पिवळ्या मऊ थराखाली दाताला जाणवेल असा गर.

हैदराबादच्या बेकरीत फळ नाही असं नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ मध्ये मोअज्जम जाही मार्केटपाशी कराची बेकरी काढली. तिथलं फ्रूट बिस्कीट पुण्या-मुंबईचे पाहुणे डबे भरभरून नेतात. त्यात दिसणारी रंगीत टुटी-फ्रुटी म्हणजे साखरेत मुरवलेली कच्ची पपई. पपई इथं फक्त अंग पुरवते, रंग आणि वास वरून द्यावा लागतो. आंबटपणाचा तर प्रश्नच नाही. उलट हैदराबादी स्वयंपाकघर आंबटावर जीव टाकणारं: खट्टी दाल, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचं चिगूर गोश्त, अंबाडा गोश्त. म्हणजे शहरात आंबट भरपूर, भट्टीही उत्तम; फक्त आंबट सगळं चुलीवर राहिलं.

अंबाडीची बोंडं

रूबार्बची चारही कामं जवळजवळ एकटीनं करू शकेल अशी वनस्पती शहराभोवतीच्या शेतांच्या बांधावर उभी असते. आपण तिला लाल अंबाडी म्हणतो, तेलंगणात तिची भाजी पुंटिकूर, आंध्रात गोंगूर. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या मराठी घरांना ही भाजी दोन्ही बाजूंनी माहेरची. कण्या नि डाळ घालून शिजवलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. हे झालं पानांचं. आपल्याला हवीत ती बोंडं.

अंबाडी जास्वंद, भेंडी आणि कापूस यांच्या कुळातली. पावसाळ्याच्या तोंडाशी पेरली तरी दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती फुलावर येत नाही. फूल दिवसभराचं. ते गळलं की त्याच्या बुडाची निदलं मांसल होत जातात, गडद लाल होतात आणि आतल्या हिरव्या बीकोशाला कवेत घेतात. हेच बोंड. नोव्हेंबर ते जानेवारी हा त्याचा हंगाम. विदर्भ-मराठवाड्यात याची चटणी आणि सरबत होतं. इजिप्तमध्ये करकदे, सेनेगलमध्ये बिसाप या नावाची पेयं याच बोंडांची, जमैकात नाताळचं पेय याचंच, आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये याचा जॅम जुन्या गृहिणींच्या हातचा मानतात.

आता चार कामांचा हिशेब. आंबटपणात बोंड रूबार्बवर मात करतं. रूबार्बच्या गराचा सामू ३.१ ते ३.३ च्या आसपास, बोंडाचा काढा २.५ च्या जवळपास; आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र. म्हणून कृतीत रूबार्ब असेल त्याच्या निम्म्या वजनाची बोंडं पुरतात. पाण्याची गोष्ट उलटी. रूबार्ब शिजवताना पाणी घालायचं नसतं, तेच पाझरतं. बोंडांना पाणी द्यावं लागतं, पण मग किती द्यायचं ते आपल्या हातात राहतं. रंग दोघांतही अँथोसायनिन वर्गातल्या द्रव्यांचा. रूबार्बचा तो बराचसा सालीत असतो आणि शिजताना फिका पडतो, बोंडाचा मात्र सगळा गर माणकासारखा लाल होतो. अंगाच्या बाबतीत तर अंबाडी वरचढ. तिच्या बोंडात पेक्टिन असतं, जे साखर आणि आम्ल यांच्या सोबतीनं गर घट्ट धरतं, त्यामुळे तो खालच्या थरात मुरत नाही.

क्वीन्सलँडच्या जॅममधली एक युक्ती इथं उपयोगी पडते. बोंड सोलल्यावर आतला हिरवा बीकोश फेकून द्यायचा नाही. पेक्टिनचा मोठा साठा त्यातच असतो. बीकोश वेगळ्या भांड्यात बुडतील इतक्या पाण्यात २०-२५ मिनिटं उकळले की पाणी किंचित बुळबुळीत होतं. ते गाळून घ्यायचं आणि त्याच पाण्यात लाल निदलं शिजवायची.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं हवं. लोखंड, ॲल्युमिनियम, कल्हई गेलेलं पितळ या तिन्हींशी आम्लाचं पटत नाही. चव धातूसारखी होते आणि लाल रंग काळवंडतो. सोड्याचा कण लागला तरी रंग जांभळा-करडा होतो, कारण अँथोसायनिन आम्लात लाल आणि आम्ल ओसरलं की निळसर दिसतं. म्हणून खालच्या थरात बेकिंग सोडा घालू नये. आणखी एक: रूबार्बची पानं विषारी असतात, अंबाडीची पानं आपण पिढ्यानपिढ्या खातो, पण ऑक्झॅलिक आम्ल त्यांच्यातही आहे. मूतखड्याचा त्रास असेल त्यांनी दोन्हींच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा.

खालचा थर: नानखटाईचा नातेवाईक

मैद्यात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून चिवट जाळं होतं. पोळीला ते हवं असतं, बारला नको. मैदा आधी स्निग्धात चोळला तर कणांवर तुपट आवरण चढतं आणि जाळं तयार होत नाही, म्हणून दाताखाली भुगा होतो. नानखटाईचं गणित हेच. मोहरममध्ये हैदराबादच्या बेकऱ्यांत मिळणारे दम के रोटही याच घराण्यातले, फक्त त्यांत रवा आणि खवा असतो. नानखटाईत तूप चालतं, इथं लोणी बरं. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं. तेवढ्या पाण्यानं थोडीशी पकड येते आणि सुरी फिरवताना वडी फुटत नाही.

२० सेंटिमीटर चौकोनी डब्याला १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड लोणी, ४० ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळव्यानं नाही, कारण तळवा गरम असतो. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा होतो, सोडलं तर भुरभुरतं, तेव्हा थांबायचं. डब्यात सगळ्या बाजूंनी वर येईल असा बटर पेपर घालून ते वाटीच्या बुडानं दाबून बसवायचं आणि ओटीजीत मधल्या खणात १७० अंशांवर १८ ते २० मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत भाजायचं. कच्च्या थरावर ओलं मिश्रण ओतलं तर तो कधीच खुसखुशीत होत नाही, म्हणून ही आधीची भाजणी टाळू नये.

घाई असेल तर शहराचं स्वतःचं बिस्कीट आहेच. उस्मानिया बिस्कीट सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचं. उस्मानिया रुग्णालयातल्या रुग्णांसाठी ते पहिल्यांदा केलं गेलं, असं लोक सांगतात. इराणी चहात बुडवायच्या या बिस्किटात गोडाबरोबर मिठाची बारीक चव असते आणि आंबटाखाली ती फार खुलते. २०० ग्रॅम चुरा, ७० ग्रॅम वितळलेलं लोणी, दाबून बसवलं आणि १० मिनिटं भाजलं की झालं.

वरचा थर: लिंबू आणि अंडी

हैदराबादला येणाऱ्या लिंबांत आंध्रातल्या गूडूरच्या बाजाराचा वाटा मोठा. हे आपलं पातळ सालीचं कागदी लिंबू. पाश्चात्त्य कृतींतलं लेमन जाड सालीचं आणि आकारानं मोठं. कागदी लिंबाचा रस आंबटपणात त्याच्यापेक्षा कमी नाही, झाला तर जास्तच. म्हणून मोजताना लिंबांची संख्या धरू नये, रस मिलिलिटरमध्ये मोजावा. वास रसात कमी आणि सालीत जास्त. सालीच्या अगदी वरच्या थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. तो थर किसणीवर हलक्या हातानं काढायचा. पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. कीस साखरेत घालून बोटांनी चोळला तर साखरेचे दाणे त्या पिशव्या फोडतात. दोन मिनिटांत साखर ओलसर पिवळी होते आणि खोलीभर वास सुटतो.

२०० ग्रॅम साखर, दोन लिंबांच्या सालीचा कीस, ३ अंडी, २५ ग्रॅम मैदा, १०० मिलिलिटर ताजा रस. अंडी फेटायची नाहीत, नुसती ढवळायची. हवा भरली तर भाजताना फेस वर येतो आणि पिवळ्या थरावर पांढरट पापुद्रा धरतो. रस वेळेवर काढावा. काढून ठेवलेला रस हळूहळू कडवट होत जातो.

हा थर बसतो तो अंड्यांच्या प्रथिनांमुळे. उष्णतेनं ती उलगडतात, एकमेकांना धरतात आणि मधे पाणी अडकून राहतं. आम्लामुळे हे लवकर घडतं, साखरेमुळे उशिरा, आणि मैद्यातला स्टार्च मधे आल्यामुळे प्रथिनं गुठळ्या करत नाहीत. तापमान फार चढलं की पकड आवळते, पाणी पिळून बाहेर पडतं आणि थर पनीरासारखा दाणेदार होतो. यासाठी आता भट्टी १५० अंशांवर आणायची.

अंबाडीचा गर या आधी तयार हवा. सोललेली १०० ग्रॅम निदलं, बीकोशांचं गाळलेलं १०० मिलिलिटर पाणी, १०० ग्रॅम साखर. साखर निदलं मऊ पडल्यावरच घालायची, आधी घातली तर ती चामट राहतात. आठ-दहा मिनिटांत गर चमच्यावरून थेंबाथेंबानं न पडता लडीसारखा ओघळू लागतो. जास्त वेळ उकळला तर रंग विटकरी होतो. हा गर गरम भाजलेल्या थरावर पातळ पसरायचा, पाच मिनिटं भट्टीत ठेवून किंचित सुकवायचा, मग वरून लिंबाचं मिश्रण डावाच्या पाठीवरून सावकाश सोडायचं. २० ते २५ मिनिटांनी डबा हलवून बघावा. कडा स्थिर आणि मधला रुपयाएवढा भाग थरथरत असेल तर बाहेर काढायचा. आतल्या उष्णतेनं तो भाग पाच मिनिटांत बसतो. पूर्ण गार झाल्यावर दोन तास फ्रिजमध्ये, मग पातळ सुरीनं कापायचं, प्रत्येक कापानंतर सुरी पुसून. कापलेल्या बाजूला तीन पट्टे दिसतात: बदामी, लाल, पिवळा.

अंडं चालत नसेल तर

कॉर्नफ्लोअरवर भिस्त ठेवून लिंबाचा रस उकळला तर फसगत होते. आम्ल आणि उष्णता मिळून स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतात आणि घट्ट झालेलं मिश्रण पुन्हा पातळ होतं. त्यापेक्षा कंडेन्स्ड मिल्क घ्यावं. ४०० ग्रॅमच्या डब्यात ९० ते १०० मिलिलिटर रस घालून ढवळलं की डोळ्यांदेखत ते दाट होतं. सामू ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसीन एकत्र येतं. साध्या दुधाचा याच वेळी छाना होतो, पण इथं साखर इतकी दाट असते की गुठळ्या न होता मऊ मलई बनते. ती गरावर पसरून १६० अंशांवर १२ मिनिटं भाजली आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की सुरेख कापली जाते.

दोन्ही प्रकार फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात, मात्र दुसऱ्या दिवसानंतर खालचा थर मऊ पडू लागतो.

बोंडांचा हंगाम सरला की एप्रिलात कैरी येते, आणि तिलाही तेच चार प्रश्न विचारायचे. आंबटपणा भरपूर, पेक्टिनही भरपूर, पाणी मध्यम, रंग मात्र नाही. म्हणून कैरी किसून साखरेत कोरडी होईपर्यंत परतायची आणि रंगाला केशराच्या चार काड्या. अडचण फळाची येत नाही, लोण्याची येते. ते ३२ अंशांच्या पुढे वितळू लागतं आणि मे महिन्यात हैदराबादचं स्वयंपाकघर त्याहून तापलेलं असतं. तेव्हा पिठाचं भांडं, लोणी आणि दाबून बसवलेला डबा तिन्ही अर्धा अर्धा तास फ्रिजमध्ये, आणि हे काम सकाळी सातच्या आत उरकलेलं बरं.